दर चार मिनिटांनी

16 जून 2024, रविवार, सकाळी साडेनऊ. वांद्र्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या पायरीवर दोन खोकी घेऊन मी टॅक्सीची वाट बघत उभी, आणि वर आभाळ भरून आलेलं. खोक्यांत 41 रेकॉर्डी. 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, काळ्या, जाड, हातातून सुटल्या की कपबशीसारख्या फुटणाऱ्या. टॅक्सीवाला म्हणाला, "डिकीत टाका ना, मॅडम." मी एक खोकं मांडीवर घेतलं, दुसरं शेजारी ठेवलं आणि ठाण्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला पाय रोवत आले.

(तुमच्यावर अशी वेळ आली तर रेकॉर्डी आडव्या रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या आणि घट्ट लावा. आडव्या ढिगात वरच्यांचं सगळं वजन तळच्यांवर येतं आणि एका दणक्यात तडा जातो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तळाच्या एकीला तडा गेला तो बहुतेक मुलुंड चेकनाक्याजवळ.)

रेकॉर्डी माझ्या पियानोच्या मिसच्या घरातल्या. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, सहकारी बँकेतली नोकरी सांभाळून, मला पियानो शिकायची हुक्की आली. तीन ठिकाणी "आमच्याकडे मुलांचीच बॅच असते" हे ऐकून झालं होतं. मिसनी फक्त माझे हात बघितले आणि म्हणाल्या, "नखं कापायला लागतील." आठ वर्षं मी त्यांच्याकडे जात होते. 2023 च्या पावसाळ्यात त्या गेल्या. बंगल्यात आता त्यांची थोरली बहीण असते. वय 84, आम्ही सगळे त्यांना आंटी म्हणतो. घर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांतलं, त्यामुळे बोलणं मराठीतच. आंटी म्हणाल्या, "पप्पांच्या रेकॉर्डी हायत. मशीन मोडून जमाना झाला. तू घेऊन जा. पण एकदा मला ऐकव."

एवढंच काम होतं. एकदा ऐकवायचं. त्याला आठ महिने लागले.

घरी ढीग उलगडला. निम्म्याहून जास्त रेकॉर्डी नाचाच्या, काही ख्रिसमसच्या गाण्यांच्या. आणि कापडी पाठ असलेल्या एका अल्बममध्ये पियानोवादक आर्टुर श्नाबेल. बीथोवनचा शेवटचा पियानो सोनाटा, ओपस 111. मिस श्नाबेलचं नाव घ्यायच्या ते आपल्याकडे जुनी माणसं अब्दुल करीम खाँसाहेबांचं घेतात तसं, कानाच्या पाळीला हात लावायचा तेवढा बाकी असायचा. मी मात्र तोवर श्नाबेल फक्त मोबाइलवर ऐकला होता, भांडी घासताना.

हा माणूस 1882 चा. बर्लिनमध्ये नाव कमावलेला, आणि पन्नाशीला टेकेपर्यंत रेकॉर्डिंगला नाहीच म्हणत आलेला. रेकॉर्ड एकदा दुकानातून बाहेर पडली की ती कोण, कुठे, कसं ऐकतंय यावर आपला काही ताबा राहत नाही, ही त्यांची एक तक्रार. एका दिवशी वाजवलेलं कायमचं गोठवून ठेवायचं, हेही त्यांना पटत नसे. शेवटी एचएमव्हीच्या फ्रेड गैसबर्गनी त्यांना राजी केलं. हे तेच गैसबर्ग, ज्यांनी 1902 मध्ये कलकत्त्याला येऊन गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. इतक्या महागड्या कामात पैसे बुडू नयेत म्हणून कंपनीतल्याच वॉल्टर लेग यांची युक्ती वापरली: आधी वर्गणीदार गोळा करायचे, मग रेकॉर्डी काढायच्या. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकं निघतात, तसलाच प्रकार. काम सुरू झालं जानेवारी 1932 मध्ये, लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत. तो स्टुडिओ उघडून जेमतेम दोन महिने झाले होते. बीटल्स तिथे यायला अजून तीस वर्षं अवकाश होता. 1935 मध्ये बत्तीसही सोनाटे पुरे झाले. बीथोवनचे सगळे सोनाटे रेकॉर्डवर आणणारे श्नाबेल पहिले.

त्यातला एक आता माझ्या दिवाणावर पडला होता. तडा गेलेला.

जुलै सगळा धुण्यात गेला. मुंबईच्या घरात इतकी वर्षं काढलेल्या रेकॉर्डींवर बुरशीची पांढरी जाळी असते, सुई त्यात रुतते. मी स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन बसलेच होते. तेवढ्यात वडिलांचा फोन आला. काय करतेयस म्हणून विचारलं, मी सांगितलं, तर ते एकदम ओरडले, "अगं थांब, त्या लाखेच्या असतात!" वडील फर्निचरच्या धंद्यातले. पॉलिशवाला चपडा कशात विरघळवतो, तर स्पिरिटमध्येच. जुन्या रेकॉर्डी याच चपड्यात दगडाची बारीक भुकटी मिसळून बनवलेल्या. आणि हा चपडा बहुतांशी आपल्या देशातून जायचा, बिहार-बंगालकडच्या जंगलातल्या किड्यांनी केलेली लाख. म्हणजे लंडनमध्ये वाजवलेला बीथोवन पलाश-कुसुंबाच्या फांद्यांवरच्या लाखेवर छापला गेला होता. पॉलिशवाल्याच्या पोरीने तो स्पिरिटने धुतला असता, तर चकाकी मात्र सुंदर आली असती.

तर स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं निळं पाणी, यातलं काहीही लावू नका. डिस्टिल्ड वॉटर (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते नको, मेडिकलच्या दुकानातलं घ्या), त्यात सौम्य लिक्विड साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. मधला कागद ओला होऊ द्यायचा नाही. मी त्यावर प्लास्टिकचं झाकण दाबून धरत होते. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन ताटाळ्यात उभ्या वाळवायच्या, पंख्याखाली, उन्हात नाही. दिवसाला चार झाल्या की पाठ धरायची. या सगळ्याला 1,100 रुपये गेले. त्यात नवं ताटाळंही आलं, कारण सासूबाईंनी जुनं परत मागितलं.

यंत्राचं प्रकरण ऑगस्टमध्ये. एका स्टुडिओने रेकॉर्डमागे 800 रुपये सांगितले होते, म्हणजे 41 चे 32,800. मला वाटलं, त्याहून कमी पैशांत यंत्रच घरात येईल. सेकंड हँड टर्नटेबल मिळालं 13,500 ला. घेताना एकच गोष्ट नीट बघा: 78 चा वेग आहे का. बऱ्याच यंत्रांना 33 आणि 45 एवढेच असतात. (तसं असेल तरी अडत नाही. 45 वर वाजवून संगणकात वेग वाढवता येतो.) सुई वेगळी लागते. एलपीची सुई इथे चालवली तर ती रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि जी काय घाण आहे तेवढीच ऐकू येते. 78 साठी टोक जवळजवळ तिप्पट जाड हवं, तीन मिल म्हणतात त्याला. ती सुई परदेशातून मागवली, कस्टमसकट 8,900. आवाज संगणकात घेणारी पेटी 7,200. माझा हिशेब इथेच कोलमडला. पण तोवर मी इतकी आत शिरले होते की नवऱ्याला आकडे सांगायचं बंद केलं.

वेग जुळवण्यात एक आठवडा गेला. टर्नटेबलवर रेघांची कागदी चकती ठेवतात आणि दिव्याच्या उजेडात बघतात. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 77 रेघांची चकती. मी छापली, ठेवली, बघितली, काही दिसेना. नुसता करडा गोल. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की घरात सगळे एलईडी दिवे आहेत, आणि आमचे एलईडी या कामाला हवे तसे लुकलुकत नाहीत. शेवटी इमारतीच्या वॉचमनकडून जुनी चोकवाली ट्यूबलाइट मागून आणली. तो म्हणाला, "मॅडम, आता हिला कोण विचारतंय." त्या ट्यूबच्या उजेडात रेघा अशा गप्प उभ्या राहिल्या की मी टाळी वाजवली.

8 सप्टेंबर. गणपती बसून दुसरा दिवस. खाली मंडळाचा लाउडस्पीकर दुपारी दोन ते चार बंद असायचा, तेवढ्यात मी पहिली बाजू लावली.

खरखर. मग श्नाबेल. मोबाइलवर ऐकलेला श्नाबेल दूरच्या खोलीत वाजवत असायचा. हा इथे होता. डाव्या हाताचे खर्जाचे सुरुवातीचे आघात पोटात आले. वाद्य बेखस्टाइन कंपनीचा पियानो आहे, आणि त्याला एक लाकडी, जरा कोरडा गळा आहे. तो मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. सव्वाचार मिनिटं झाली असतील नसतील, आणि वाक्य अर्ध्यावर असताना सूर थांबले. सुई मधल्या रिकाम्या खाचेत गोल फिरायला लागली, खर्र, खर्र. मी उठले, रेकॉर्ड उलटली, सुई ठेवली. पुढचं अर्धं वाक्य आलं.

बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चार ते साडेचार मिनिटं मावतात, दहा इंचीला तीन. हे वाचलेलं होतं. पण ओपस 111 ची दुसरी चलन (मूव्हमेंट, म्हणजे सोनाट्याचा एक भाग), ती आरिएट्टा, सतरा-अठरा मिनिटांची आहे. ती ऐकताना चार वेळा उठाबशा काढल्यावर मला कळलं की श्नाबेलनेही ती अशीच वाजवली असणार. तुकड्यातुकड्याने. प्रत्येक तुकड्याआधी थांबून, खुणेची वाट बघत.

मग मी त्या कामाबद्दल मिळेल ते वाचत सुटले. रात्री, सुट्टीत, बँकेच्या जेवणाच्या वेळात. जे समजलं ते असं. 1925 पासून मायक्रोफोन आले होते, पण मुद्रण अजूनही मेणावरच व्हायचं. इंचभर किंवा त्याहून जाड मेणाची तबकडी कपाटात ऊबवून मऊ ठेवायची. ती फिरवायला विजेची मोटर नव्हती, वरून संथ उतरणारं एक जड वजन असायचं, विहिरीवरच्या रहाटासारखं. म्हणजे वेग हलत नाही. कापणारी सुई मेणात खाच पाडत जायची. पुढे त्या मेणावर धातूचा थर चढवून साचा करायचा आणि साच्यावरून लाखेच्या प्रती दाबून काढायच्या. आता यातली मेख बघा. मेण ऐकायचं म्हटलं तर त्यावर सुई फिरवावी लागते, आणि एकदा फिरवली की खाच बिघडते, ते मेण साच्यातून बाद. म्हणजे आत्ता वाजवलेलं बरं झालं की वाईट, हे ऐकून ठरवायचं तर ते गमवायचं. तो तुकडा पुन्हा वाजवा. ऐकायचं नसेल तर आठवड्यांनी कारखान्यातून नमुना येईल तेव्हा बघू. मधला एक सूर चुकला तर तेवढाच दुरुस्त करायची सोय नाही, पूर्ण बाजू नव्याने. नापसंत बाजू पुढच्या खेपेला पुन्हा घ्यायची, त्यामुळे एकाच सोनाट्यात दोन वेगवेगळे दिवस असू शकतात.

हे वाचल्यावर मी टॉर्च घेऊन रेकॉर्डींच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावरचे कोरीव आकडे बघायला लागले. तिथे मॅट्रिक्स क्रमांक असतो, आणि त्याच्याजवळ कितव्यांदा घेतलेली बाजू वापरली त्याची खूण. काही बाजू पहिल्याच फटक्यात मंजूर, काहींना जास्त वेळा बसावं लागलेलं. तुमच्याकडच्या रेकॉर्डींवरही बघा, नाट्यगीतांच्या असल्या तरी. उजेड तिरका पाडला की दिसतं.

श्नाबेलनी या दिवसांचं वर्णन छळ असंच केलं आहे. आणि त्यांना निदान मायक्रोफोन होता. त्याआधीच्या लोकांची दैना वेगळीच. कर्ण्याच्या काळात आवाजाच्याच जोराने खाच पाडायची असल्यामुळे उभ्या पियानोची पाठ काढून टाकत, पियानो चौथऱ्यावर चढवून कर्ण्याच्या तोंडाशी आणत, आणि हळू वाजवलेलं काही उमटतच नसे. इटालियन पियानोवादक फेरुचो बुसोनी नोव्हेंबर 1919 मध्ये लंडनला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी बसले. त्यांना गुनोच्या फाउस्ट या ऑपेरामधलं लिस्टने पियानोसाठी मांडलेलं वॉल्ट्झ वाजवायचं होतं, जे चांगलं दहा मिनिटं चालतं. वेळ मिळणार चार मिनिटं. त्यांनी बायकोला पत्रात लिहिलं आहे की तिथल्या तिथे कापाकापी करून, ठिगळं जोडून ते चार मिनिटांत बसवावं लागलं. पेडल जपून, कारण यंत्रात वाईट येतं. अमुक सूर जोरात आणि तमुक हळू, कारण यंत्राला तसं हवं. आणि वाजवताना सारखं डोक्यात, की हे आता कायमचं राहणार.

ही वेळेची कात्री आपल्या गायकांनाही होतीच. तीन मिनिटांत यमन आटपायचा आणि शेवटी स्वतःचं नाव पुकारायचं. पण आपल्याकडे बंदिशीला ताणायची आणि आवळायची सोय आहे; चांगला गवई तीन मिनिटांचा वेगळाच ख्याल रचायचा, आणि त्यात कमीपणा काही नाही. सोनाट्याचे सूर कागदावर बांधलेले. तिथे कात्री लावा नाहीतर तुकडे करा. बुसोनीला कात्री मिळाली, श्नाबेलला तुकडे. दोन्हींत श्नाबेल नशीबवान, असं माझं मत. मिसना ते पटलं नसतं.

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतरच्या रविवारी, मी एक वेडेपणा केला. मला जमतो असा बीथोवनचा एकच सोनाटा आहे, ओपस 49 मधला दुसरा, शिकाऊंसाठीचा. त्याची पहिली चलन साधारण चार-साडेचार मिनिटांची. मोबाइल रेकॉर्डिंगला लावला, शेजारी टायमर ठेवला आणि नियम केला: मध्ये थांबायचं नाही, चुकलं तर पहिल्यापासून, आणि घेतलेलं ऐकायचं नाही. ऐकलं की पुसायचं. अकरा वेळा वाजवलं. पहिल्या तीन वेळा हसू येत होतं. पाचव्यानंतर उजवा खांदा कानाला लागला. तिसरं मिनिट संपलं की हात सूर सोडून घड्याळाकडे पळायचे, आणि नेमकी तिथेच चूक. नवव्या वेळी सगळं स्वच्छ चाललं होतं, तर शेजारच्या कुकरची शिट्टी. अकरावं पूर्ण झालं आणि मी तशीच बसून राहिले. ऐकू की नको? ऐकलं नाही. आजही ते मोबाइलमध्ये तसंच आहे.

त्या रात्री श्नाबेलच्या चुकांकडे मी वेगळ्या कानाने बघायला लागले. लोक त्यांच्या ओपस 106 ला हसतात, 1935 ची ती रेकॉर्ड. बीथोवनने लिहून ठेवलेला मिनिटाला 138 ठोक्यांचा भन्नाट वेग गाठायला ते निघाले आणि पहिल्या चलनीत सूर एकमेकांवर सांडले. सांडलेले तसेच छापले गेले. हे ज्या चार वर्षांत चाललं होतं, त्यातच 1933 साली, ज्यू असल्यामुळे, श्नाबेलना बर्लिन सोडून इटलीत कोमो सरोवराकाठी जावं लागलं. ज्या बेखस्टाइनवर ते वाजवत होते, त्या घराण्यातली हेलेने बेखस्टाइन हिटलरची पाठीराखी. तुकड्यांच्या मधल्या शांततेत हेही कुठेतरी असणार. पण आपल्याला नुसती खर्र, खर्र.

तडकलेल्या रेकॉर्डचं राहिलंच. ती वाजते, पण दर फेऱ्याला टक् होतं. मिनिटाला 78 वेळा. संगणकात एकेक टक् हाताने काढता येतं; चार मिनिटांचे तीनशेवर होतात. मी साठ काढले आणि हात टेकले. इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे तीच रेकॉर्ड मिळाली, पोस्टेजसकट 4,300 रुपये. 11 नोव्हेंबरला पार्सल निघालं. 20 ला मुंबईत आलं आणि तिथे अडकलं. कुरिअरवाल्यांना केवायसी हवं होतं. आधार पाठवलं. मग म्हणे आधारवरचा आणि पार्सलवरचा पत्ता जुळत नाही, स्वयंघोषणापत्र द्या. ते दिलं. मग वस्तूचं वर्णन अपुरं आहे, "रेकॉर्ड" म्हणजे कसला रेकॉर्ड, कागदपत्रं आहेत का? मी लिहिलं, जुनी ग्रामोफोनची तबकडी, वैयक्तिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही. सोबत विक्रेत्याचं बिल आणि तबकडीचा फोटो. 1,870 रुपये ड्युटी भरली. 9 डिसेंबरला पार्सल घरी आलं. उघडलं तर दोन तुकडे.

रडायला आलं, खोटं कशाला सांगू. विक्रेता भला होता, फोटो बघून दुसरी प्रत स्वतःच्या खर्चाने पाठवली. मी या वेळी लिहून कळवलं होतं: रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढून, दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठे, पुठ्ठे रेकॉर्डपेक्षा मोठे, आणि हे सगळं दुसऱ्या खोक्यात, मध्ये चुरगळलेला कागद. विक्रेत्याला पाठवायच्या ईमेलमध्ये "रेकॉर्डेड म्युझिक डिस्क, सेकंड हँड, पर्सनल यूज" हेही आधीच लिहायला सांगा. दुसरं पार्सल अकरा दिवसांत आलं, अख्खं, आणि ड्युटी लागली नाही. का लागली नाही, विचारायला गेले नाही.

आता जोडकाम. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. आवाज स्टिरिओत घ्या, मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी जपून ठेवा, आणि प्रतीवर काम करताना दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो करा. निम्मी खरखर तिथेच जाते. एक गोष्ट कुणी सांगत नाही: हल्लीच्या यंत्रांत आवाजाची जी दुरुस्ती आपोआप होते ती 1954 नंतर रूढ झालेल्या मापाची. जुन्या कंपन्यांची मापं वेगवेगळी होती. ती दुरुस्ती बंद करता आली तर बंद करून घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये 78 चं माप लावा, नाहीतर पियानो गोधडीखालून वाजवल्यासारखा येतो. आणखी एक गंमत. ढिगातल्या एका कॉन्चेर्टोच्या संचात पहिल्या बाजूच्या पाठीवर शेवटची बाजू होती. मला वाटलं कारखान्याची चूक. ती चूक नसते. रेकॉर्डी आपोआप बदलणाऱ्या यंत्रांसाठी तशा छापायचे: सगळ्या एकावर एक टाकायच्या, एका बाजूने वाजून संपल्या की गठ्ठाच उलटा करायचा. फाइलींना नाव देताना लेबलवरचा बाजूचा आकडा बघा.

सोनाट्याच्या बाजू जोडायला मी मोठ्या हौसेने बसले. इथून खरखर काढायची, तिथे दोन टोकं सांधायची, सांधा कळता कामा नये. पहिले दोन सांधे जमले. तिसऱ्याला पार्श्वभूमीची खरखर अचानक बदलली, ती सारखी करायला मी नवी खरखर चिकटवली, मग सूर किंचित खाली वाटले म्हणून वेग ताणला. रात्री दीड वाजता ऐकलं. अखंड, गुळगुळीत, कुठे थांबत नाही अशी आरिएट्टा. पण अशी ती 1932 मध्ये कोणी वाजवलीच नव्हती. मी सगळे सांधे उसवले. प्रत्येक बाजू संपते तिथे रिकाम्या खाचेची सहा सेकंदं ठेवली, आणि झोपले.

जानेवारीत ते एका व्हिडिओ संकेतस्थळावर टाकायला गेले. सात मिनिटांत कॉपीराइटचा दावा आला, यंत्राने केलेला, नंतरच्या कुठल्यातरी सफाई केलेल्या आवृत्तीच्या नावाने. मी रीतसर हरकत नोंदवली: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं, तो केव्हाच संपला, आणि बीथोवनला जाऊन दोनशे वर्षं होत आली. सव्वीस दिवसांनी उत्तर, दावा कायम. खोलात गेले तर कळलं, अमेरिकेत 1923 ते 1946 मधल्या रेकॉर्डींना शंभर वर्षांचं संरक्षण आहे, म्हणजे ही 2032 संपेपर्यंत. मी व्हिडिओ काढून टाकला. तुम्ही घरातलं काही चढवणार असाल तर आधी सालं बघून घ्या. मराठी रेकॉर्डींच्या बाबतीतही गाण्याचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळा असतो.

एकूण खर्च 36,870. स्टुडिओने 32,800 सांगितले होते. म्हणजे स्वस्तात झालं असं कुणी समजू नये.

16 फेब्रुवारी 2025, पुन्हा रविवार. पेन ड्राइव्ह आणि छोटा स्पीकर घेऊन वांद्र्याला गेले. आंटी मासहून आल्या होत्या, अजून मण्यांची माळ गळ्यात. मी आधी नाचाची एक रेकॉर्ड लावली, त्या पायाने ठेका धरून हसल्या. मग म्हणाल्या, "ती लांबडी लाव. पप्पांची." मी ओपस 111 लावला आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या.

पहिली बाजू संपली. खर्र, खर्र. आंटींनी डोळे उघडले, खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि गुडघ्यांचा आवाज करत उठल्या. दोन पावलं भिंतीकडे टाकली, जिथे आता शोकेस आहे, आणि हात पुढे केला. तेवढ्यात दुसरी बाजू आपली आपणच सुरू झाली. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात अर्धा वर.

"उलटायचं काम माझं होतं," म्हणाल्या. "तिला देत नसत. लहान होती ना."